मुख्य व्यवसाय

ठाणे अंमलदारानं माझ्या डोक्याच्या पट्टीकडं पाहिलं, मग अर्जाकडं पाहिलं आणि विचारलं, "पेपर कोणता?"

"पेपर नाही साहेब. स्वतंत्र काम करतो. माझं यूट्यूब चॅनल आहे, आणि दिल्लीच्या एका पोर्टलला बातम्या देतो."

"म्हंजे पत्रकार नाहीत."

हे त्यांनी प्रश्न म्हणून विचारलं नव्हतं. त्यांनी एनसीचं, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्यांचं रजिस्टर ओढलं आणि लिहायला घेतलं. रात्रीचे पावणेअकरा झाले होते. ग्रामीण रुग्णालयात चार टाके घालून मी थेट ठाण्यात आलो होतो. सदऱ्याची कॉलर रक्तानं ताठ झाली होती आणि मानेला टोचत होती. सह्या करून एनसीची प्रत घेतली आणि चुलतभावाच्या गाडीवर मागं बसून घरी आलो. रस्त्यात तो एवढंच म्हणाला, "अदखलपात्र म्हंजे दखलच नाही का रे?"

ही २०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट आहे. परभणी जिल्ह्यात गोदाकाठाला माझं गाव आहे. वाळूबद्दल इकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. घाटाचा लिलाव झालेला नसला तरी वाळू निघतच असते. रात्री तराफ्यावर सक्शन पंप लावतात, काठाला हायवा, म्हणजे मोठे डंपर, उभे राहतात आणि पहाटेपर्यंत नदीचा तळ खरवडला जातो. आमच्या गावाला हा आवाज इतका सवयीचा झाला होता की पंप बंद पडला तर म्हातारी माणसं झोपेतून उठायची. मी चार रात्री तुरीच्या पिकात बसून चित्रीकरण केलं. अकरा मिनिटांचा व्हिडिओ झाला. त्यात हायव्यांचे नंबर होते, वेळा होत्या आणि एका चालकाशी झालेलं बोलणं होतं. दोन दिवसांनी महसूलचं पथक आलं, तराफे जाळले, दोन ट्रॅक्टर जप्त केले. त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पांदण रस्त्यावर तिघांनी माझी गाडी अडवली.

मारहाणीचं वर्णन करत नाही. रुमणं होतं, आणि एक जण सारखा "शूटिंग करणारा हाच का, हाच का" असं विचारत होता. जणू चुकीच्या माणसाला मारलं तर त्याला वाईट वाटलं असतं. जाताना त्यांनी माझा मोबाईल जायकवाडीच्या कालव्यात फेकला. रब्बीचं आवर्तन सुटलेलं होतं, कालवा तुडुंब भरून चालला होता. मोबाईल कुठल्या गावच्या शेतात निघाला असेल कोण जाणे.

घरी बायको म्हणाली, "आता बास." तिचं चुकत नव्हतं. मीही तसंच ठरवून झोपलो होतो. झोप लागली नाही आणि डोक्यात राजापूर आलं. ६ फेब्रुवारी २०२३ ला तिथले पत्रकार शशिकांत वारिशे यांनी लिहिलेली बातमी छापून आली, आणि त्याच दिवशी दुपारी पेट्रोल पंपाजवळ त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या दवाखान्यात ते गेले. सुरुवातीला तिथंही सदोष मनुष्यवधाचं कलम होतं. राज्यभरचे पत्रकार रस्त्यावर आले तेव्हा खुनाचं कलम लागलं. माझा खून वगैरे काही झालेला नव्हता, चार टाके पडले होते. पण कलम आपोआप लागत नाही, कुणीतरी ठाण्यात बसून राहिलं तर लागतं, एवढं त्या प्रकरणावरून डोक्यात पक्कं बसलं होतं.

सकाळी बायकोच्या मोबाईलवरून मी आप्पांना फोन लावला.

आप्पा म्हणजे आमच्या पत्रकार संघटनेचे तालुक्याचे सचिव. तीस-पस्तीस वर्षांपासून एका दैनिकाचे वार्ताहर आहेत. तहसीलसमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि खरी उपजीविका त्यावरच. संघटनेशी माझं फार बरं नव्हतं, ते का हे सांगायला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मी सभासद व्हायला गेलो होतो. अर्जात 'दैनिक / साप्ताहिकाचे नियुक्तिपत्र' असा रकाना होता आणि तो माझ्याकडून रिकामा राहिला. अर्ज परत आला. मी चिडून एक व्हिडिओ केला होता, 'तालुक्यातले बोरूबहाद्दर' की असंच काहीतरी नाव दिलं होतं. आप्पांनी तो नक्की पाहिला होता.

फोनवर ते म्हणाले, "एनसीची प्रत, दवाखान्याचे कागद, अंगावरचा सदरा. धुवायचा नाही. घेऊन ये."

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही बसलो. आधी त्यांनी मला बोलू दिलं. अर्धा तास मी काय काय बोललो असेन. मग त्यांनी कोरे कागद ओढले आणि पहिलाच प्रश्न टाकला. "त्या लोकांकडून कधी पैसे घेतलेस? जाहिरात, पेट्रोल, पाकीट, काहीही?"

मला कानाखाली मारल्यासारखं झालं. टाके माझ्या डोक्यात आहेत आणि हा माणूस मलाच विचारतोय. पण उत्तर द्यावं लागलं. २०२३ च्या दिवाळीत वाळूच्या ठेकेदाराच्या पुतण्यानं चॅनलवर शुभेच्छांची जाहिरात दिली होती. अडीच हजार रुपये, फोनपेवर. तेव्हा मी वाळूवर काही केलेलं नव्हतं. जाहिरात आली, घेतली.

"अर्जात लिहायचं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, मीच माझ्या गळ्यात दोरी घालू का?"

"तुझ्या फोनपेत आहे म्हंजे त्याच्याही फोनपेत आहे. त्यांनी काढायच्या आधी तू काढ."

तो अर्ज लिहायला आम्हाला पाच तास लागले. मी इतकी वर्षं बातम्या लिहितो, पण लिहिणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं म्हटलं तरी चालेल. 'वाळूमाफिया' काढला. "माफिया कोण ते कोर्ट ठरवील. तू तीन माणसं म्हण." 'जीवघेणा हल्ला' काढून तिथं 'डोक्यास डाव्या बाजूस जखम, चार टाके' आलं. 'अर्वाच्च शिवीगाळ' काढून त्यांनी मला शिव्या जशाच्या तशा लिहायला लावल्या. मला लाज वाटली, त्यांना वाटली नाही. तिघांपैकी एकाचं नाव मला माहीत होतं, दुसऱ्याचा चेहरा ओळखीचा होता, तिसरा अनोळखी. मला तिघांचीही नावं टाकायची होती, कारण त्यांच्याबरोबर कायम कोण फिरतं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आप्पांनी पेन खाली ठेवलं. "ज्याला पाह्यलं त्याचंच नाव. बाकीचे दोन 'समोर आल्यास ओळखेन'. एक नाव खोटं निघालं की उरलेलं सगळं खोटं होतं."

मग त्यांनी खणातून कायद्याची प्रत काढली. महाराष्ट्रानं २०१७ च्या एप्रिलमध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्यासाठी ज्येष्ठ पत्रकार एस. एम. देशमुखांच्या पुढाकारानं राज्यातल्या पत्रकार संघटना पत्रकार हल्ला विरोधी कृती समितीच्या झेंड्याखाली बरीच वर्षं भांडल्या होत्या. राष्ट्रपतींची संमती येऊन तो लागू व्हायला २०१९ चा नोव्हेंबर उजाडला. पत्रकारावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तपास डीवायएसपी, म्हणजे पोलीस उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी करणार नाही. उपचाराचा खर्च आणि नुकसानभरपाई आरोपीकडून. वाचताना मला बरं वाटत होतं, तोवर आप्पांनी व्याख्येच्या कलमावर बोट ठेवलं.

कायद्यात पत्रकार म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि ज्याला प्रसारमाध्यम संस्थेनं नियमित किंवा कंत्राटी पद्धतीनं नेमलंय असा माणूस. पुढं यादी आहे. संपादक, उपसंपादक, बातमीदार, व्यंगचित्रकार, छायाचित्रकार, कॅमेरामन, मुद्रितशोधक. म्हणजे मुद्रितशोधकाला कुणी मारलं तर हा कायदा लागतो. त्यात वाईट काही नाही, मुद्रितशोधकांनी आयुष्यभर पुरेसा मार खाल्लेला असतो. पण चार रात्री तुरीत बसलेल्या माणसासाठी त्या यादीत शब्द नव्हता.

"दोन गाठी आहेत," आप्पा म्हणाले. "नेमणूक आणि मुख्य व्यवसाय. तुझा टीडीएस कापतात का?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

दिल्लीचं पोर्टल प्रत्येक बातमीमागं मानधन देतं आणि दहा टक्के कापून घेतं. मला त्या कापण्याचा मनापासून राग होता. आप्पांनी दुकानातल्याच संगणकावर माझा २६एएस, म्हणजे आयकर खात्याकडचा कापलेल्या कराचा तक्ता काढला. आदल्या आर्थिक वर्षात पोर्टलकडून ३२,५०० रुपये, कापलेला कर ३,२५०, आणि पुढं कलम १९४जे, म्हणजे व्यावसायिक सेवेचं मानधन. आप्पांनी त्या ओळीखाली लाल पेनानं रेघ मारली. सरकारच्या एका खात्यानं मला पत्रकार धरून पैसे कापले होते, आता दुसऱ्या खात्यानंही तसं धरावं, एवढंच आमचं म्हणणं होतं.

संघटनेनं छत्रपती संभाजीनगरच्या एका वकील मॅडमशी फोन जोडून दिला. त्या अशी प्रकरणं बिनपैशाची बघतात. त्यांनी सांगितलं, की पोर्टलकडून पत्र घ्या, पण 'फ्रीलान्सर' हा शब्द नको. कधीपासून, किती बातम्या, कोणत्या दरानं, आणि तुमच्यावर हल्ला झाला ती बातमी त्यांच्यासाठी होती का, हे चार मुद्दे असू द्या. पोर्टलच्या संपादकांनी दोन तासांत लेटरहेडवर पत्र पाठवलं. वाळूच्या बातमीचा कच्चा मजकूर मी त्यांना आधीच ईमेल केला होता, तो तारखेसह जोडला.

दुसरं पत्र मागायला मी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात फोन केला. त्यांना मी सहा वर्षं बातम्या दिल्या आहेत, पैसे न घेता, नुसत्या नावासाठी. पूरग्रस्तांच्या, पीकविम्याच्या, जत्रेच्या. पलीकडून उत्तर आलं, "तुम्ही आमचे अधिकृत प्रतिनिधी नाहीत." मी ठीक आहे म्हटलं. रुमण्याचा मार दोन आठवड्यांत बरा झाला, हे वाक्य मात्र अजून ठणकतं.

तिसऱ्या दिवशी आप्पा, मी आणि वकील मॅडमचे एक सहकारी असे तिघं पीआय साहेबांसमोर बसलो. साहेब वाईट नव्हते, त्यांना फक्त घाई नव्हती. त्यांनी आरएनआय, म्हणजे वृत्तपत्र नोंदणीचा नंबर मागितला. वकिलांनी सांगितलं, की तो वर्तमानपत्रांना आणि नियतकालिकांना असतो, चॅनलला मिळायची सोयच नाही, आणि ते कार्यालयसुद्धा मार्च २०२४ पासून नव्या कायद्यानं नाव बदलून बसलंय. साहेब हसले. "मग ते माईकच्या बूमवर केंद्र सरकार मान्यताप्राप्त लिहून फिरतात ते?" त्यावर आम्हाला बोलायला तोंड नव्हतं. लघुउद्योगाचं उद्यम प्रमाणपत्र ऑनलाइन काढायचं आणि त्याच्या जोरावर ग्रामसेवकाला दम द्यायचा, अशी दोन-तीन मंडळी आमच्या तालुक्यातही आहेत. पोलिसांच्या डोळ्यांसमोर मी त्यांच्याच रांगेत उभा होतो.

मग त्यांनी खरी गाठ काढली. "सातबारा तुमच्या नावावर आहे ना? मग मुख्य व्यवसाय शेती झाला."

आप्पांनी पिशवीतून एक कागद काढला. मला याची कल्पना नव्हती. आदल्या रात्री माझ्या बायकोला फोन करून त्यांनी हिशेब विचारून घेतला होता. तीन एकर सोयाबीन, सतरा क्विंटल उतारा. हमीभाव ४,८९२, आडतीवर मिळालेला भाव ४,०५०. एकूण ६८,८५०. बी, खत, फवारणी, मजुरी, मळणी मिळून ४६,०००. हातात उरले २२,८५०. पोर्टलचे ३२,५०० आणि यूट्यूबचे अकरा हजार धरले तर पत्रकारितेचे ४३,५००. आप्पा काहीच बोलले नाहीत, फक्त कागद साहेबांच्या बाजूला फिरवला.

सोयाबीनचा भाव पडल्याचा फायदा झालेला मराठवाड्यातला मी बहुधा एकटाच शेतकरी असेन.

तरी गुन्हा त्या दिवशी नोंदवला गेला नाही. नव्या फौजदारी संहितेत तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीनं, चौदा दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे, ती साहेबांनी वापरली. आम्ही एसपी ऑफिसला टपालानं अर्ज पाठवला, पोच घेतली आणि वाट पाहत बसलो.

त्या चौदा दिवसांत दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे निषेध. तहसीलदारांना निवेदन देतानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला. फोटोत चौदा पत्रकार होते, तहसीलदार मधोमध, मी पट्टी बांधून कडेला. त्या चौदांतल्या निदान पाच जणांच्या दिवाळी अंकात त्या ठेकेदाराची पूर्ण पान जाहिरात असते. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही, अडीच हजार मीही घेतलेत. पण निषेधाच्या फोटोनं काय होतं असं मला कुणी विचारलं तर एवढंच सांगीन, की ठाण्यातल्या शिपायानं त्यानंतर मला बसायला खुर्ची दिली.

दुसरं म्हणजे नवव्या दिवशी उलटी तक्रार आली. खंडणी. मी व्हिडिओ काढून टाकण्यासाठी पन्नास हजार मागितले, आणि याआधीही 'हप्ता' घेतला होता, पुरावा म्हणून फोनपेचा स्क्रीनशॉट. तोच, अडीच हजारांचा. माझे हातपाय गार पडले. आप्पांना फोन केला तर ते जेवत होते. तोंडात घास घेऊनच म्हणाले, "आपल्या अर्जाचं पान तीन, परिच्छेद सात. जाहिरातीच्या व्हिडिओची लिंक जोडलेली आहे. साहेबाला तेवढं दाखव." मी दाखवलं. पीआय साहेबांनी आमच्या अर्जावरची तारीख पाहिली, त्यांच्या अर्जावरची तारीख पाहिली, आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. ती तक्रार पुढं गेली नाही. आप्पांनी पहिलाच प्रश्न मला तो का विचारला होता हे मला त्या क्षणी कळलं, आणि दोन वर्षांपूर्वीचा तो बोरूबहाद्दरांचा व्हिडिओ मी त्याच रात्री काढून टाकला.

याच दिवसांत ६ जानेवारी आली, दर्पण दिन. संघटनेचा कार्यक्रम होता, हारतुरे, बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेचं पूजन. भाषणं झाल्यावर आप्पांनी विषय काढला, की चॅनलवाल्यांना आणि मुक्त पत्रकारांना सभासद करायचं की नाही. चांगलीच जुंपली. एक जण म्हणाले, आज याला घेतलं तर उद्या खंडणीवाले बूम घेऊन येतील आणि संघटनेच्या कार्डावर वसुली करतील. बोलणारा माणूस माझ्या बाजूचा नव्हता, पण म्हणणं पोकळ नव्हतं. दुसरे म्हणाले, नियुक्तिपत्राशिवाय पत्रकार ही कल्पनाच चुकीची आहे. तेव्हा आप्पा बसल्या जागेवरून म्हणाले, "१८३२ साली जांभेकरांनी दर्पण काढलं. त्यांना नियुक्तिपत्र कुणी दिलं होतं?" हशा झाला. त्या हशात ठराव मंजूर झाला असं मला वाटलं, पण तसं होत नसतं. एक उपसमिती नेमली गेली. पुढं चार महिन्यांनी नियम आला, की वर्षभराचं प्रसिद्ध झालेलं काम समितीला दाखवायचं, उत्पन्न कुठून येतं ते लिहून द्यायचं, दोन सभासदांनी शिफारस करायची. माझ्यासाठी तो नियम उशिराच आला म्हणायचा, पण आला.

सतराव्या दिवशी गुन्हा नोंद झाला. नव्या न्याय संहितेतली मारहाण, शिवीगाळ, धमकी, नुकसान ही कलमं, आणि शेवटी पत्रकार कायद्याचं कलम ४. हवालदार अजूनही तोंडानं जुन्या दंड संहितेतले 'तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा' असंच म्हणत होते आणि मग संगणकावर नवे आकडे शोधत होते. तपास डीवायएसपी साहेबांकडं गेला.

तिथला जबाब तीन तास चालला. त्यातला एक तास केवळ एका आकड्यात गेला. मोबाईल कालव्यात गेलेला, म्हणजे मूळ साधन नाही. कच्चं चित्रीकरण मात्र रोज रात्री घरी येऊन मी ड्राइव्हवर चढवत होतो. आता डिजिटल पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. संघटनेनं पुण्याच्या एका मुलाला फोनवर बसवलं होतं, तो सगळं समजावून सांगत होता. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा. फाईलमध्ये एक ठिपका बदलला तरी अंगठा बदलतो. चौसष्ट अक्षरं आणि आकडे यांची ती ओळ. रायटर, म्हणजे जबाब लिहून घेणारा पोलीस, ती टाइप करत होता, मी कागदावरून वाचत होतो.

"बी."

"बी का डी?"

"बी. बैलाचा बी."

"मग?"

"सात, सी, शून्य. ओ नाही, शून्य."

मधेच लाईट गेली. इन्व्हर्टर नव्हता. लाईट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला ओळ जुळली तेव्हा रायटर, मी आणि दारातला शिपाई, तिघांनाही लग्न लागल्यासारखा आनंद झाला. प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाच्या सहीचा असतो. तो मिळायला आणखी तीन आठवडे गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मदतीचं म्हणाल तर संघटनेनं तातडीच्या निधीतून पंधरा हजार रुपये दिले. फॉर्म दोन पानांचा होता, दवाखान्याची बिलं आणि मोबाईलची जुनी पावती लागली. मोबाईलची पावती माझ्याकडं नव्हती. दुकानदारानं दुसरी प्रत काढून दिली आणि नव्या मोबाईलला काचही फुकट लावून दिली. पुण्याच्या त्याच मुलानं चॅनलला दोन पायऱ्यांचं कुलूप लावून दिलं. तोवर माझा पासवर्ड मुलीचं नाव आणि जन्मसाल असा होता, आणि तो आख्ख्या गावाला माहीत असावा. वकील मॅडमनी फी घेतली नाही, झेरॉक्सचे पैसे आप्पांनी घेतले. "दुकान आहे माझं," म्हणाले.

जगभरच्या पत्रस्वातंत्र्याचा निर्देशांक दरवर्षी पॅरिसहून निघतो. १८० देशांत आपला नंबर २०२४ ला १५९ वा होता, २०२५ ला १५१ वा झाला. ती बातमी मी पोर्टलसाठी मराठीत केली. करताना वाटलं, यांच्या तक्त्यात आमचा पांदण रस्ता कुठल्या रकान्यात बसत असेल? मार खाल्ल्याची नोंद एनसीत, म्हणजे नोंदच नाही. सतराव्या दिवशी कलम ४ लागलं तेव्हा मी निदान मोजण्यात आलो. आप्पांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मोजण्यात येण्यासाठी बातम्या करतोस का?" आणि पुढच्या गिऱ्हाईकाचं आधार कार्ड लॅमिनेट करायला घेतलं.

आरोपींना जामीन मिळाला. पहिला आठवडाभर ते आमच्या गल्लीतून मुद्दाम गाडीचा सायलेन्सर वाजवत जायचे. त्याचीही आप्पांनी तारखा-वेळांची यादी करायला लावली, ती वकिलांनी डीवायएसपी साहेबांना दिली, मग आवाज थांबला. दोषारोपपत्र दाखल झालं. आता तारखा चालू आहेत. पंचांपैकी एक जण 'मला नीट आठवत नाही' म्हणायला लागलाय. त्याची जमीन नदीकाठाला आहे, त्याला मी दोष देत नाही.

मागच्या तारखेला कोर्टाच्या कँटीनमध्ये चहा घेत होतो तर ठेकेदाराच्या त्या पुतण्याचे वडील समोर येऊन बसले. वयानं मोठे आहेत, आमच्या वडिलांच्या ओळखीचे. म्हणाले, "मोबाईल केवढ्याचा होता बाबा तुझा?"

"साडेतेरा हजारांचा, काका."

"वीस देतो. पोरांचं वय काय, बुद्धी काय. मिटवून टाक. आपण एका शिवारातली माणसं आहोत."

मी म्हटलं, "काका, चहा घ्या." त्यांनी घेतला. बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश. मग त्यांनी कालव्याच्या पाळीचा विषय काढला, यंदा पाणी लवकर सोडतील का म्हणून, आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. माझ्या चहाचे पैसे मी दिले, त्यांच्या चहाचे त्यांनी.

पुढची तारीख नेमकी सोयाबीनच्या काढणीत आली आहे. मजूर सांगून ठेवलेत, मळणी यंत्रवाला मात्र दुसरा दिवस द्यायला तयार नाही. आप्पांनी कलम ६३ च्या प्रमाणपत्राच्या तीन प्रती काढून पिशवीत घालून ठेवल्या आहेत. नऊ रुपये झाले म्हणाले, ते द्यायचे राहिलेत.